अर्धी हाक

बुधवारी प्रॅक्टिस ऐन रंगात आली असताना लाइट गेली. कोर्टवर दिवे नव्हतेच आणि ऊनही अजून कलायचं होतं, तरी लाइट गेल्याचं सगळ्यांना एकदम कळलं, कारण कॉलेजच्या भिंतीपलीकडच्या कापड कारखान्यांतले लूम थांबले. खडाखड खडाखड चाललेला तो एवढा मोठा आवाज कुणी चादर ओढून घ्यावी तसा निघून गेला. त्या मोकळ्या झालेल्या जागेत सुचेताला दुसराच एक आवाज ऐकू आला. धप्. धप्. धप्. कोण काय आपटतंय म्हणून तिने मान वळवली. तिच्याच हाताखालचा चेंडू होता तो. चेंडूला आवाज असतो हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण या कोर्टवर, या सिमेंटवर, तिने तो कधी ऐकला नव्हता. इथे चेंडू तळहाताला कळायचा. खाली गेला, आला, गेला, आला, एवढं हाताला समजलं की झालं. आता तो कानालाही समजायला लागला आणि हात गोंधळला. तिने घाईघाईने नसीबाकडे पास फेकला. नसीबाची पाठ होती. चेंडू तिच्या कानशिलावर बसला आणि त्याचाही केवढातरी आवाज झाला.

पोरी हसल्या. ते हसणंही इतकं स्पष्ट ऐकू आलं की त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं आणि त्या गप्प झाल्या. नसीबाने कान चोळला. ती टीममधली सगळ्यात उंच, रिंगखाली उभी राहणारी. चेंडू लागला म्हणून रडणाऱ्यातली नव्हे. "काय गं," ती म्हणाली, "माझा कान म्हणजे बोर्ड वाटला काय तुला?" सुचेता हसली, पण चेंडू परत हातात आला तेव्हा तिला तो आपटवेना. केसरीनाथ सर बाजूला खुर्ची टाकून बसले होते. ते उठून उभे राहिले, भिंतीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि मग हळूच कपाळावर हात मारला. "अरे देवा," ते म्हणाले, "शुक्रवारी असंच असणार."

शुक्रवारी मॅच होती. कॉलेजला बास्केटबॉलचं कोर्ट होऊन दोन वर्षं झाली तरी इथे बाहेरची टीम कधी आली नव्हती. खड्डे, धूळ, ट्रक, बाथरूमची सोय नाही, अशी कारणं सांगून प्रत्येक जण भिवंडीलाच आपल्या दारात बोलवायचा. या वर्षी सरांनी विद्यापीठात जाऊन हट्टाने मॅच मागून आणली. मोसमातली पहिलीच मॅच, ती आपल्या कोर्टवर, तीही ठाण्याच्या टीमशी. वार निवडायची पाळी आली तेव्हा सगळ्यांनी एका तोंडाने शुक्रवार सांगितला. शुक्रवारी लूम बंद. सगळं भिवंडी मोकळं. नमाज होऊन, जेवूनखाऊन माणसं येतील, पब्लिक होईल. सुचेतानेच टाळी वाजवली होती. शुक्रवारी लूम बंद म्हणजे लूमचा आवाजही बंद, हे एवढं साधं गणित भिवंडीत जन्मलेल्या पंधरावीस माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. सुचणार कसं? शुक्रवारी प्रॅक्टिस कधी नसायचीच. टीममधल्या निम्म्या मुली कारखानेवाल्यांच्या घरच्या, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी पाहुण्यांचा राबता. शुक्रवारचं कोर्ट कसं असतं हे फक्त तिथल्या कुत्र्यांना ठाऊक.

आणि या टीमचा सगळा खेळ उभा होता तो त्या आवाजावर. हे बाहेरच्याला सांगून पटलं नसतं. भिंतीपलीकडे शेकडो लूम चालू असताना कोर्टवर "पास दे" म्हणून ओरडणं म्हणजे वाऱ्यावरची वरात. पहिल्या महिन्यात घसे बसले, मीठपाण्याच्या गुळण्या झाल्या, आणि मग एके दिवशी नसीबा म्हणाली, कशाला कोकलताय, आमच्या घरी बोलतात तसं बोला. तिचं घर कारखान्याच्या वर. खाली बापाचे, गुलाम हुसेनशेठचे लूम, वर स्वयंपाकघर. कपाटातल्या बरण्या दिवसभर किणकिणायच्या, आणि तिची आई कुबराखाला ओठ मोठे हलवून, आवाज न काढता, हाताने खुणा करत बोलायची. सवय इतकी मुरलेली की शुक्रवारी लूम बंद असतानाही ती तशीच बोलायची आणि पाहुण्यांना वाटायचं बाईंची वाचा गेली. तीच भाषा टीमने उचलली. कान पकडला की माघारी फिरायचं, मनगट झटकलं की बाजू बदलायची. प्रत्येकीच्या नावाला एक खूण. नसीबाची खूण सुचेताने ठरवली होती: दोन बोटं कपाळाला. नशीब कपाळावर असतं म्हणून. नसीबाला ती फार आवडली. बाकीच्यांना वाटलं, काय डोकं आहे कॅप्टनचं! डोकं होतंच. सुचेताला स्वतःबद्दल कधी फारशा शंका नसायच्या. हातात चेंडू असला की समोरची पोरगी कुठे जाणार, मागची कुठून येणार हे तिला आधीच दिसायचं, आणि ठाण्याच्या टीमला आपण हरवू शकतो याबद्दल तर तिच्या मनात तिळभरही किंतु नव्हता. फक्त एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. ती खूण तिला गरजेची होती. नसीबाला हाक मारायला तिच्या तोंडून आवाज निघत नसे.

एरवी बोलण्यात ती कुणाला ऐकणारी नव्हती. भाजीवाल्याशी भांडायची, वर्गात सरांना उलट प्रश्न विचारायची. पण बाहेरच्या कोर्टवर, जिथे चहूकडे शांत असायचं, झाडांवरचे पक्षीसुद्धा ऐकू यायचे, तिथे काहीतरी व्हायचं. नसीबा मोकळी उभी दिसायची, नाव घशापर्यंत यायचं, आणि त्याच वेळी लवंगेचा वास यायचा. कोर्टवर कुठली लवंग? पण यायचा. मग हात आपोआप कपाळाकडे जायचा आणि नसीबाचं लक्ष दुसरीकडे असलं की संधी गेली. मागच्या वर्षी बाहेरच्या सगळ्या मॅच त्या अशा हरल्या. सर म्हणायचे, घरच्या कोर्टवर तू वाघीण, बाहेर गेलीस की तुझी मांजर होते, कारण काय? ती म्हणायची, सर, प्रवासाने. आता तर प्रवासही नव्हता. आता ठाणंच चालून घरी येणार होतं आणि येताना आपली शांतता बरोबर घेऊन येणार होतं.

घरी जाताना नाक्यावर शेअर रिक्षांची नेहमीची ओढाताण चालली होती. लाइट अजून आली नव्हती, कामगार कारखान्यांच्या दारांत चहा पीत उभे होते आणि एरवीच्या सवयीने एकमेकांच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडत होते. आपलं सगळं गावच ओरडतं, सुचेताला वाटलं. लोक नावं ठेवतात. ठेवोत. ठाण्याच्या पोरींना एक दिवस इथे आणून लूममध्ये उभं करावं, दुपारपर्यंत त्याही ओरडायला लागतील. ती गर्दीतून खांदा काढत चालत राहिली. तिला भूक लागली होती, पोटऱ्या छान दुखत होत्या, आणि तरीही गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिने वर पाहिलं. डाव्या हाताला त्यांची गॅलरी, समोर नसीबाची जुनी गच्ची. मधे गल्ली, एक हातगाडी जेमतेम जाईल एवढी. लूम बंद असताना ती गच्ची नेहमी जास्त जवळ वाटायची.

त्यांचा पहिला पास या गल्लीवरून गेला होता. बास्केटबॉल हा शब्दही तेव्हा दोघींच्या कानावर आला नव्हता. सुचेता मराठी शाळेत, नसीबा उर्दू शाळेत, ओळख व्हायचं काही कारण नाही; पण सुचेताचा लाल रबरी चेंडू एकदा समोरच्या गच्चीत गेला आणि तिथल्या उंच पोरीने तो परत फेकला. मग तो रोजच जायला यायला लागला. खाली लूम चालू असायचे, धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि वर यांचा चेंडू. बोलणं सगळं ओठांचं आणि हातांचं. फेकू का? थांब, खाली हातगाडी आहे. आता फेक. नसीबा हे नावसुद्धा सुचेताला तिच्या ओठांवरूनच कळलं होतं. ते तिने मोठ्याने कधी उच्चारलं नव्हतं. गरजच पडली नव्हती.

आणि मग नववीची परीक्षा झाली त्या मे महिन्यात लूम बंद पडले. शुक्रवारी पडतात तसे नव्हे. शुक्रवारची शांतता म्हणजे मटणाचा वास, रेडिओ, नवे कपडे. ही तशी नव्हती. दंगलीमुळे कर्फ्यू लागला होता. लांबून कधी धूर दिसायचा, कधी पोलिसांची गाडी जायची, आणि बाकी वेळ इतकं शांत की शेजारच्या घरात कुणी कपबशी ठेवली तरी आई दचकायची. खिडक्या लावलेल्या. बोलायचं ते कुजबुजत. वडील, दत्तोपंत, नगरपालिकेत कारकून. मुळातच हळू बोलणारा माणूस, ते तर नुसते श्वासाने बोलायला लागले. एका दुपारी सगळ्यांचा डोळा लागला असताना सुचेता चेंडू घेऊन गॅलरीत गेली. समोर गच्चीत नसीबा होती. पाठमोरी, वाळलेले कपडे ओढून काढत होती. इतक्या दिवसांनी ती दिसली आणि सुचेताला इतका आनंद झाला की ओठ हलवून काही उपयोग नाही, तिची पाठ आहे, एवढंच सुचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ते नाव मोठ्याने घेतलं. नसी— एवढंच. मागून एक तळवा आला आणि तोंडावर घट्ट बसला. कारकुनाचा तळवा, मऊ, शाईचा आणि लवंगेचा वास असलेला. वडिलांनी तिला उचलूनच आत घेतली. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते तिच्या कानाशी सारखं म्हणत होते, "नाव नको घेऊ, बाळ. आता कुणाचंच नाव नको घेऊ." चेंडू गॅलरीतून खाली पडला आणि गल्लीत कितीतरी वेळ उड्या मारत राहिला.

नंतर सगळं हळूहळू चालू झालं. लूमही चालू झाले. नसीबाला मात्र तिच्या मामाकडे गावी पाठवलं होतं. ती परत आली तोपर्यंत शेठनी कॉलेजमागे नवा कारखाना बांधला आणि बिऱ्हाड तिकडे हलवलं. दोघी भेटल्या त्या थेट कोर्टवर, टीम निवडताना. नसीबा म्हणाली, "तू ती गॅलरीवाली ना?" सुचेता म्हणाली, "तू गच्चीवाली." संपलं. त्या दुपारचा विषय कुणी काढला नाही. नसीबाने ऐकलं होतं का? ऐकून वळली असेल, तर तिला काय दिसलं असेल? रिकामी गॅलरी. अर्धं नाव घेऊन पळून गेलेली पोरगी. सुचेताने हे विचारायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं होतं, पण मैत्री चांगली चालली होती, डबे एकत्र उघडत होते, आणि चांगल्या चाललेल्या लूममध्ये कोण हात घालतो!

गुरुवारी लूम चालू होते, आणि सरांनी शुक्रवारच्या शांततेवर उपाय काढला: प्रत्येकीने कोर्टच्या मधोमध उभं राहून दुसरीचं नाव ओरडायचं. काही ऐकू येत नव्हतं, तोंडं तेवढी उघडत होती, सगळ्या हसून हसून लोळल्या. सुचेताचीही पाळी आली. तिने झोकात तोंड उघडलं, ओठ हलवले, आवाज काढलाच नाही. कुणाला कळणार होतं? फक्त नसीबा तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. ओठ वाचण्यात तिचा जन्म गेलेला. घशाची शीर हलते की नाही तेही तिला दिसत असणार.

रात्री जेवताना दत्तोपंत म्हणाले, "उद्या मी येईन म्हणतो. अर्धी रजा टाकलीय." ते कधी आले नव्हते. आईने वाढता वाढता विचारलं, "तुम्हाला त्यातलं काही कळतं का?" तेव्हा ते म्हणाले, "चेंडू जाळीत जातो एवढं कळतं." मग ताटाकडे बघत, "गुलाम हुसेनशेठ ऑफिसात आले होते. म्हणाले, पंत, आपल्या पोरी खेळतायत आणि आपण काय घरी बसायचं?" सुचेताने त्यांच्या हाताकडे पाहिलं. भात कालवणारा साधा हात. त्या हाताचा तिला कधी राग आला नव्हता. भ्यालेला माणूस जवळच्याला घट्ट धरतो, एवढं तिलाही समजत होतं. पण धरलेलं सोडायचंही असतं हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं बहुतेक. "या ना बाबा," ती म्हणाली. "आम्ही जिंकणार आहोत." हे तिने नेहमीच्या आवाजात म्हटलं, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

शुक्रवारी पब्लिक लोटलं. भिंतीवर पोरं, गच्च्यांवर बायका, पुढे खुर्च्या. शेठ पांढऱ्या कुर्त्यात अत्तर लावून बसले होते आणि त्यांच्या शेजारी दत्तोपंत ऑफिसची पिशवी मांडीवर घेऊन. ठाण्याची टीम बसमधून उतरली, खड्ड्यांनी खिळखिळी झालेली, आणि त्यांच्यातली एक म्हणाली, "शांत आहे की गं इथे. म्हणे भिवंडीत कान फुटतात." सुचेता चेंडू आपटत होती. धप्. धप्. ती त्या आवाजाशी ओळख करून घेत होती, नव्या शेजाऱ्याशी करतात तशी. वाईट नव्हता. जरा बडबड्या होता.

मॅच सुरू झाली आणि पहिल्या हाफमध्ये ठाण्याच्या मुलींची पुरती फजिती झाली. त्या आपले सगळे डाव मोठ्याने ओरडून सांगत होत्या आणि ते भिवंडीच्या प्रत्येकीला ऐकू जात होते. यांचे डाव मात्र कानाला, मनगटाला, कपाळाला हात लावून चालले होते. सुचेताची बोटं कपाळाला लागली की चेंडू रिंगखाली आणि नसीबाच्या हातून जाळीत. भिंतीवरची पोरं नाचायला लागली. पण ठाण्याच्या मुली काही खुळ्या नव्हत्या. दुसऱ्या हाफला सुचेताने कपाळाला हात लावला आणि तिघीजणी एकदम नसीबाभोवती गोळा झाल्या. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा सुचेतासमोरची मुलगी हसून म्हणाली, "काय गं, डोकं दुखतंय का?" गुण बरोबरीत आले, मग ठाणं एका बास्केटने पुढे गेलं, आणि पब्लिक गप्प झालं. अगदी गप्प. गच्चीवर कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या त्यासुद्धा ऐकू आल्या. सर बाजूने म्हणत होते, "बोल, सुचेता, बोल!" तिला वाटलं, बोलायचंय हो, पण बोलायची जागाच नाही.

ती जागा एकाएकी समोर आली. ठाण्याच्या मुलीने आडवा पास दिला, आणि पास देण्याआधी जिला देणार तिचं नाव ती ओरडली. सुचेताने ते ऐकलं, झेप टाकली, चेंडू मधल्यामधे उचलला. मान वर केली तर पुढचं अर्धं कोर्ट रिकामं, आणि त्या रिकाम्या कोर्टवरून, सुचेताची झेप बघताच सुटलेली नसीबा एकटी रिंगकडे धावत होती. पाठमोरी. तिला माहीतच नव्हतं चेंडू कुणाकडे आहे. लूमच्या आवाजात असा खेळ कधी करताच आला नसता. धावत्या पाठीला कुठली खूण दाखवणार? सुचेताचा हात कपाळाकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. लवंगेचा वास आला. या वेळी तो खराच असावा, कारण ती खुर्च्यांच्या अगदी जवळ होती आणि पहिल्या रांगेत वडील उभे राहिले होते. त्यांचा एक हात वर आला होता. तो त्यांनी स्वतःच्या तोंडाशी नेला होता, आणि मग दुसराही नेला, दोन्ही हातांचा कर्णा करून ते काहीतरी ओरडू बघत होते. त्यांना ओरडण्याची सवयच नव्हती. आवाज फुटत नव्हता. सुचेताला हसू आलं. त्या हसण्यातच घसा मोकळा झाला.

"नसीबाऽऽ!"

भिंतीवरची पोरं दचकली. बंद कारखान्यांच्या पत्र्यांवरून तो आवाज फिरून परत आला, इतका तो मोठा होता. पास सुटला तो हाकेच्या मागोमाग, सगळ्यांच्या डोक्यांवरून, एक गल्ली ओलांडावी तसा. नसीबा वळली. चेंडू तिच्या हातात पडला, आणि मग बोर्ड, रिंग, जाळी. पब्लिकने असा गलका केला की सगळे लूम एकदम चालू झाल्यासारखं वाटलं. शेठ दत्तोपंतांच्या पाठीत थापा मारत होते आणि दत्तोपंतांची पिशवी खाली पडली होती.

बरोबरी झाली होती, वेळ शिल्लक होता, ठाण्याच्या मुली चेंडू घेऊन निघाल्याच होत्या. नसीबा धावत परत आली. सुचेताच्या शेजारून जाताना तिने वेग कमी केला नाही, नुसती मान वळवली. घामाने चेहरा लाल झाला होता. पाच वर्षं होत आली होती, आणि ती असं बोलली जणू कालचीच गोष्ट.

"चल, ह्या टायमाला पुरं घेतलंस नाव," ती म्हणाली. "तेव्हा अर्ध्यातच ठेवलं होतंस. मी किती येळ उभी होते गच्चीत."

ठाण्याची मुलगी चेंडू आपटत अंगावर येत होती. नसीबा पुढे, आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली होती, आणि चेंडू आपल्याकडे नसताना, काही कारण नसताना, सुचेताने तिला पुन्हा एकदा हाक मारली.